घरगुती चित्रफितींचा संग्रह : दोषशोधन आणि नामलेखन

नवी मुंबईतील बेलापूरला लागून खाडीकाठी वसलेले दिवाळे हे मूळचे कोळ्यांचे गाव. या गावातील एखाद्या घरी जुन्या लग्नाची व्हीसीडी जपून ठेवलेली आहे व तीत धवलारणीने म्हटलेली गाणी मुद्रित झालेली आहेत, असे समजू. घरातील तरुण ती संगणकावर उतरवून घेतो. जेलीफिनसारखे, म्हणजे २०१८ साली एम्बीपासून वेगळे निघालेले, मीडिया सर्व्हरचे सॉफ्टवेअर बसवितो. परंतु टीव्हीवर गाणी काही केल्या लागत नाहीत. अशा वेळी मुद्रणच बिघडले असे मानून फाइल पुसून टाकण्याकडे मनाचा कल होतो. हा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा असतो. आणि एकदा पुसलेले मुद्रण परत मिळविता येतेच असे नाही.

सर्व्हरचे कार्य चार टप्प्यांत चालते : फाइल वाचणे, तिची नावानिशी नोंद करणे, पाहणाऱ्या यंत्राला मानवेल असे रूप तिला देणे आणि घरच्या नेटवर्कवरून ती त्या यंत्राकडे पाठविणे. दोष यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे हे प्रथम ठरविले पाहिजे. त्याची कसोटी सोपी आहे. तीच फाइल त्याच संगणकावर व्हीएलसीसारख्या साध्या प्लेअरमध्ये लावून पाहावी. ती तेथे नीट चालली, तर मुद्रण शाबूत आहे. दोष अन्यत्र शोधावा.

संग्रह रिकामा दिसत असेल, तर तो बहुधा पहिल्या टप्प्याचा दोष होय. लिनक्स संगणकावर सर्व्हर स्वतंत्र वापरकर्ता म्हणून चालतो. त्याला फोल्डर वाचण्याची परवानगी नसेल, तर फाइल असूनही त्याला दिसत नाही. वीज जाऊन आल्यावर बाहेरची हार्ड डिस्क जोडली जाण्यापूर्वीच सर्व्हर सुरू झाला, तरी हाच प्रकार घडतो. याउलट, टीव्हीला सर्व्हरच सापडत नसेल, तर राउटरने संगणकाला नवा पत्ता दिला आहे काय, हे पाहावे व राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवावा.

चित्र अडखळत असेल, तर कारण बहुधा रूपांतरात असते. व्हीसीडीवरील चित्र एमपेग-१ पद्धतीने साठविलेले असते आणि आजचे ब्राउझर ते सहसा थेट दाखवीत नाहीत. म्हणून सर्व्हर ते चालता चालता नव्या पद्धतीत बदलतो. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. संगणक दुबळा असल्यास हे काम त्याला झेपत नाही. उपाय असा की, एच.२६४ पद्धतीची एक प्रत एकदाच तयार करून ठेवावी आणि मूळ फाइल न पुसता वेगळी जपावी.

आता नोंदीचा टप्पा. मराठी घरांच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा असूनही सर्वांत उपेक्षित आहे. संग्रहाचा प्रकार 'चित्रपट' असा निवडल्यास सॉफ्टवेअर इंटरनेटवरील सूचीत नाव शोधते आणि लग्नाच्या चित्रफितीला एखाद्या भलत्याच चित्रपटाचे शीर्षक चिकटविते. यास्तव घरगुती चित्रफितींचा प्रकार निवडावा. शीर्षक मग फाइलच्या नावावरूनच घेतले जाते. साहजिकच त्या नावाच्या लेखनास विशेष महत्त्व येते.

युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ स्थानांचा विभाग आहे. यूटीएफ-८ पद्धतीत त्यातील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार ही चिन्हेही स्वतंत्रपणे मोजली जातात. लिनक्सवर रूढ असलेल्या ईएक्सटी-४ या फाइलपद्धतीत नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे; म्हणजे देवनागरीत जास्तीत जास्त ८५ चिन्हे मावतात. लांबलचक नाव दिले असता नक्कल होत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

दुसरा दोष डोळ्यांना दिसतच नाही. 'किनाऱ्यावर' या शब्दातील ऱ्य दोन रीतींनी टंकित होतो : एकदा 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह घेऊन, तर एकदा साध्या 'र'ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. साध्या तुलनेत मात्र ती भिन्न ठरतात व शोध निष्फळ होतो. म्हणून घरातील सर्वांनी एकाच कीबोर्डाने नावे लिहावीत.

तिसरा प्रश्न उच्चाराचा आहे. कोळी बोलीत 'ळ'च्या जागी 'ल' आणि 'ण'च्या जागी 'न' येतो. घरचे लोक 'धवले' म्हणतात व तसेच लिहितात. शहरात शिकणारी नात 'धवळे' असे शोधते आणि तिला काहीच सापडत नाही. तेराव्या शतकात महदंबेने रचलेल्या 'धवळ्यां'शी या लग्नगीतांचे नाते त्या एका शब्दातून उमगते. आणि येथे त्याच शब्दातील एका वर्णामुळे ती दृष्टीआड होतात. तथापि 'धवले' हे रूप अशुद्ध मानून खोडणे योग्य नव्हे. ते बोलीचे साक्षीदार आहे. 'हलदीचे धवले - हळदीचे धवळे' अशी दोन्ही रूपे शीर्षकात द्यावीत, म्हणजे बोलीही टिकेल आणि शोधही लागेल.

गाण्यांचे शब्द उपशीर्षक म्हणून जोडावयाचे असल्यास ती फाइल यूटीएफ-८ पद्धतीत जतन करावी. पडद्यावर चौकोन दिसल्यास देवनागरी फॉन्ट नाही असे समजावे. खुणा असलेली रोमन अक्षरे दिसल्यास फाइल चुकीच्या संकेतपद्धतीने वाचली गेली आहे, किंवा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमधील आहे.

सारांश, गाणे लागले नाही म्हणजे ते नष्ट झाले असे नव्हे. कित्येकदा ते जागच्या जागी असते. केवळ त्याचे नाव हाक मारणाऱ्याच्या तोंडी निराळे असते.