स्थौल्यात लंघन : सुरू केव्हा करावे, थांबवावे केव्हा

स्थौल्याचा रुग्ण पूर्वी वैद्याकडे "काय खाऊ नये" हे विचारण्यासाठी येत असे. आता तो "किती तास खाऊ नये" हे विचारतो. अमरावती व अकोला या दोन्ही शहरांत चिकित्सा करताना आम्हांस हा बदल प्रकर्षाने जाणवतो. कित्येक जण तर विचारण्यासाठीही येत नाहीत. मोबाईलवर पाहून सोळा तासांचे अनशन सुरू करतात, तीन-चार महिन्यांत वजन उतरवतात आणि लग्नसराई किंवा दिवाळी उलटली की पूर्वीच्याच वजनानिशी आमच्यासमोर येऊन बसतात. "दोनदाच जेवत होतो जी, उतरलंबी होतं, पण एकदा सुटलं त सुटलंच," हे उद्गार आम्ही निरनिराळ्या तोंडून ऐकले आहेत. वजन उतरविणे हे चिकित्सेचे कार्य होय आणि उतरलेले वजन राखणे हे दिनचर्येचे. या दोहोंमधील सीमा रुग्णास स्पष्ट सांगितली जात नाही. ती सांगणे हे वैद्याचे काम आहे, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

द्विभुक्त आहाराची चळवळ

महाराष्ट्रात हा विचार घरोघरी पोहोचला तो मुख्यतः डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेल्या डॉ. दीक्षितांनी आपल्या मांडणीचे श्रेय आपल्याच विदर्भातील डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांस दिले आहे. डॉ. जिचकार २००४ साली अपघातात निवर्तले. मात्र त्यांचा विचार पुढे व्यापक झाला. खरी भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखाव्या, त्या दोनच वेळी जेवावे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवावे, मधल्या काळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा यापलीकडे काही घेऊ नये आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. वारंवार खाल्ल्याने इन्सुलिन वारंवार स्रवते व मेद साठत राहतो, हा त्यामागील युक्तिवाद होय.

पाश्चात्त्य देशांत हीच कल्पना घड्याळाच्या भाषेत मांडली गेली : सोळा तास अनशन, आठ तासांत आहार. तिचे परीक्षणही झाले आहे. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११६ व्यक्तींपैकी काहींना दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात खाण्यास सांगितले, इतरांना नित्याची तीन जेवणे दिली. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या वजनघटीत लक्षणीय भेद आढळला नाही. चीनमधील २०२२ च्या अभ्यासात १३९ स्थूल रुग्णांना वर्षभर मोजका आहार दिला; निम्म्यांना तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच घेण्याचे बंधन होते. त्यांचे वजन सरासरी आठ किलो घटले, वेळेचे बंधन नसलेल्यांचे सुमारे सव्वासहा किलो. हा फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. याउलट २०१८ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरील अवघ्या आठ पुरुषांवर झालेल्या छोट्या अभ्यासात दिवसाचे शेवटचे जेवण दुपारी तीनपूर्वी घेतल्याने वजन न घटताही इन्सुलिनची कार्यक्षमता व रक्तदाब सुधारला. या तिन्हींचा एकत्र विचार करता असे दिसते की केवळ तास मोजून मेद वितळत नाही. किती खाल्ले, काय खाल्ले आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी खाल्ले, हे प्रश्न शिल्लकच राहतात.

संहितांचा दृष्टिकोन

चरकाचार्यांनी लंघनबृंहणीय अध्यायात लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत. चार प्रकारचे शोधन, पिपासानिग्रह, मारुतसेवन, आतपसेवन, पाचन, उपवास आणि व्यायाम. उपवास हा दहांपैकी एक. आणि तोही अल्पबल व्याधींसाठी योजावा असा निर्देश आहे. स्थौल्यासारख्या खोलवर रुजलेल्या व्याधीस केवळ उपवासाने जिंकू पाहणे हे शास्त्राच्या मर्यादेबाहेरचे होय.

दिवसातून दोनदा जेवणे हा मात्र मुळात उपवासच नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील द्वादश अशनप्रविचारात एककाल भोजन दुर्बल अग्नीच्या वर्धनार्थ आणि द्विकाल भोजन समाग्नीसाठी सांगितले आहे. म्हणजेच द्विकाल भोजन हा निरोगी मनुष्याचा स्वाभाविक क्रम आहे. शेतावर जाणारा वऱ्हाडी माणूस सकाळी भाकर बांधून नेत असे आणि दिवेलागणीला घरी जेवत असे. त्याला कोणी आहारपद्धतीचे नाव दिले नव्हते. पहिले अन्न जिरण्यापूर्वी दुसरे घेणे, म्हणजे अध्यशन, हा विकार शहरी दिनक्रमाने वाढविला. सकाळचा नाश्ता, अकराचा चहा, सायंकाळची कचोरी किंवा गिलावडा आणि रात्री दहाचे जेवण, यांत अन्न जिरण्यास अवसरच उरत नाही.

अतिस्थूलाचा अग्नी

येथे एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानात घ्यावी लागते. अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलाची संप्राप्ती सांगताना चरकाचार्य म्हणतात की मेदाने मार्ग रुद्ध झाल्यामुळे वायू कोष्ठातच संचार करतो व अग्नीस प्रदीप्त करतो. म्हणून अशा व्यक्तीचे अन्न शीघ्र जिरते, तिला वारंवार भूक लागते आणि आहाराची वेळ टळल्यास घोर विकार संभवतात. वणवा जसा वनास जाळतो तसे अग्नी व वायू त्या शरीरास जाळतात, हा दृष्टांत मेळघाटचा उन्हाळा पाहिलेल्या आपणांस निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

याचा चिकित्सेतील अर्थ महत्त्वाचा आहे. स्थूल रुग्णास सरसकट उपाशी ठेवल्यास त्याची भूक अधिक पेटते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये छत्तीस तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला. बंधन उठल्यावर त्यांच्यापैकी कित्येकांची भूक बराच काळ शमत नव्हती. ते तरुण स्थूल नव्हते, तरी त्यांची ही गत झाली. म्हणूनच चरकाचार्यांनी स्थौल्यात गुरू परंतु अपतर्पण असा आहार सांगितला : जो प्रदीप्त अग्नीस पुरून उरेल, पण मेदाचे पोषण करणार नाही.

वऱ्हाडचे ताट

असा आहार शोधण्यास आपणांस दूर जावे लागत नाही. त्याच अध्यायातील पथ्यद्रव्यांत यव, श्यामाक, कोद्रव, मुद्ग, कुलत्थ यांच्यासह जूर्णाह्व व आढकी यांचा उल्लेख आहे. जूर्णाह्व म्हणजे परंपरेने ज्वारी आणि आढकी म्हणजे तूर. वऱ्हाडातील भाकर आणि वरण हे स्थौल्याचे पथ्य म्हणून संहितेत आधीच नोंदलेले आहे. गेल्या काही दशकांत आपल्याकडे ज्वारीचे क्षेत्र घटून सोयाबीन वाढले आणि ताटातील भाकरीची जागा गव्हाच्या पोळीने घेतली. दोन जेवणांची शिस्त पाळणाऱ्या रुग्णाच्या त्या दोन जेवणांत भाकर, तुरीचे किंवा मुगाचे पातळ वरण, अंबाडीसारखी पालेभाजी आणि ताक आले, तर पुढील जेवणापर्यंत भूक आवरते, असा आमचा अनुभव आहे.

आपल्या पारंपरिक उपवासांचा विचारही येथे करावा लागेल. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण उगाच रूढ झालेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात शेंगदाण्याचा कूट, बटाटा व तूप मिळाल्यावर ते लंघन राहत नाही, संतर्पण होते. श्रद्धेस धक्का न लावता रुग्णास एवढे सांगता येते की उपवास करावयाचा तर भगर व ताक घ्यावे आणि तेही एकदाच.

काल

त्वग्दोषी, प्रमेही, अतिस्निग्ध व बृंहित अशा रुग्णांचे लंघन शिशिरात प्रशस्त मानले आहे. आपल्याकडे मात्र रुग्णास वजनाची आठवण होते ती लग्नाच्या मुहूर्तांपूर्वी किंवा मे महिन्याच्या सुटीत. अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो त्या दिवसांत बल स्वभावतःच क्षीण असते; तेव्हा नवे लंघन आरंभू नये आणि पिपासानिग्रह तर मुळीच करू नये. संक्रांतीनंतरचे दोन महिने आरंभास योग्य. दिवसाचा विचार करता मुख्य जेवण मध्याह्नी, पित्तकालात असावे आणि सायंकाळचे सूर्यास्ताच्या आसपास. सकाळचे टाळून रात्री नऊला पोटभर जेवणे ही रुग्णांस सोयीची वाटणारी रीत आम्ही बदलावयास लावतो.

थांबणे आणि टिकविणे

लंघन केव्हा थांबवावे याचा निर्णय वजनकाट्यावर सोपवू नये. वात-मूत्र-पुरीषाचे सुखाने विसर्जन, गात्रलाघव, शुद्ध उद्गार, तंद्रा व क्लम यांचा नाश, अन्नाची रुची आणि भूक व तहान यांची एकाच वेळी जाणीव, ही सम्यक् लंघनाची लक्षणे होत. पर्वभेद, अंगमर्द, मुखशोष, क्षुधानाश, भोवळ व मनाची अस्वस्थता दिसू लागली की अतिलंघन झाले असे समजून ताबडतोब थांबावे. मग काटा काहीही दाखवो.

थांबल्यानंतरचा काळ हाच खरा कसोटीचा. अपथ्य पादांशिक क्रमाने, म्हणजे थोडेथोडे करून सोडावे, असे चरकाचार्य सांगतात. हाच क्रम नव्या आहारास सात्म्य करण्यासाठी उपयोगी पडतो. प्रथम अवेळचे खाणे, नंतर रात्रीच्या जेवणाची वेळ, नंतर धान्य, अशा पायऱ्यांनी बदललेला रुग्ण दिवाळीत दोन दिवस चुकला तरी पुन्हा मार्गावर येतो; एका रात्रीत सर्व सोडलेला येत नाही. व्यायामही क्रमशः वाढवावा असाच उपदेश आहे. ज्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे, तेथे व्यायामाचे महत्त्व पटवावे लागू नये. तरी ते रोज पटवावे लागते. अतिस्थूल व अतिकृश यांची सतत काळजी घ्यावी लागते, असे आचार्यांनी म्हटले आहे. "कोर्स किती दिवसांचा?" या रुग्णाच्या प्रश्नास हेच उत्तर आहे.

सावधानता

ग्लिमेपिराइडसारखी औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहीने परस्पर जेवण टाळल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा रुग्णाचे लंघन त्याच्या मधुमेह-चिकित्सकाशी बोलून, औषधाची मात्रा ठरवून आणि शर्करा तपासतच करावे. "मोबाईलवर पाहून काही सुरू केले आहे का" हा प्रश्न आता प्रश्नपरीक्षेचा भाग झाला पाहिजे. गर्भिणी, सूतिका, बालक, वृद्ध, कृश व क्षयी यांस लंघन वर्ज्य. ज्या जिल्ह्यात एकीकडे स्थौल्याची चिकित्सा चालते त्याच जिल्ह्यात मेळघाटची कुपोषित बालकेही आहेत. एकाचा उपदेश दुसऱ्यास लागू पडत नाही.

उपवास सुरू करण्यास आज वैद्याची गरज उरलेली नाही. ते काम मोबाईल करतो. नाडी, जिव्हा व बल पाहून "आता पुरे, येथून पुढे असे जेवा" हे सांगण्यास मात्र वैद्यच लागतो. स्थौल्याच्या प्रत्येक रुग्णास पहिल्याच भेटीत लंघनाची समाप्ती-तिथी आणि त्यानंतरचे ताट लिहून द्यावे, एवढी विनंती वैद्यबंधुभगिनींस करून हा लेख पूर्ण करतो. इत्यलम्.