गुडघा, गतिरोधक आणि उंच गाडी

आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आमच्या घरी डिकीवाली गाडी होती. दवाखाना वीस मिनिटांवर. पण आईचा खरा प्रवास पहिल्या आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटाचा असे. आधी मान वाकवायची, मग कमरेतून खाली जात सीटवर अंग टाकायचं, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. उतरताना दाराची वरची कड धरून, दम घेऊन उठायचं. दवाखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक होता. गाडीत आम्ही पाचजण असलो की तिथे हमखास तिचं पोट घासायचं. तो खरखराट ऐकला की आई म्हणायची, "थांब, मी उतरते." जिला उतरणं सगळ्यांत अवघड, तीच उतरायला निघायची.

पुढे गाडी बदलली. नवी गाडी घेताना रंग, टचस्क्रीन, सनरूफ यांच्याकडे मी पाहिलंच नाही. दोनच मापं डोक्यात होती : सीट किती उंच आणि पोट किती उंच. नंतर लक्षात आलं, की या दोन मापांनी गेल्या पंचवीस वर्षांत भारताचा सगळा मोटारबाजार बदलून टाकला आहे.

बाजाराने दिलेला कौल

वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ या वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहनं विकली गेली. त्यांतली जवळजवळ ६५ टक्के 'युटिलिटी' या गटातली, म्हणजे एसयूव्ही, क्रॉसओव्हर आणि सहा-सात माणसांच्या गाड्या. २०२४ या कॅलेंडर वर्षात सर्वाधिक खपलेली गाडी होती टाटा पंच. दोन लाखांहून थोड्या जास्त. चार दशकं मारुतीच्या गाड्यांकडे असलेला पहिला नंबर त्या वर्षी हलला. एप्रिल ते मार्च असं आर्थिक वर्ष धरलं, तर २०२४-२५ मध्ये पहिली आली मारुतीचीच वॅगन आर.

या दोन गाड्यांची जाहिरात वेगळी, किंमत वेगळी, गिऱ्हाईकही बरंचसं वेगळं. एक स्वतःला एसयूव्ही म्हणवते, दुसरी साधी घरगुती गाडी. पण दोन्ही आखूड आहेत, उभट आहेत आणि दोन्हींत माणूस खाली न जाता सरळ आत सरकतो. लोकांनी वेगवेगळ्या नावांखाली एकच गोष्ट निवडली आहे.

वॅगनची भारतीय वाट

वॅगन म्हणजे मूळची मालवाहू गाडी. रेल्वे स्टेशनवरून माणसं आणि त्यांचं सामान एकत्र नेणारी ती स्टेशन वॅगन. युरोपात हा प्रकार घरोघरी रुळला : साध्या मोटारीचं छत मागेपर्यंत न्यायचं आणि डिकीऐवजी मोठं मागचं दार द्यायचं. आपल्याकडे टाटांनी १९९२ मध्ये इस्टेट आणि २००४ मध्ये इंडिगो मरिना आणून हा प्रयोग केला. तो फारसा चालला नाही. माझ्या मते कारण सरळ आहे. या वॅगन लांबीला वाढल्या होत्या, उंचीला नाही. आपल्या रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये लांबी हा जाच, आणि गरज तर उंचीची.

ती गरज ग्रामीण महाराष्ट्राने आधीच ओळखली होती. १९९४ मध्ये पुण्यात तयार झालेली टाटा सुमो आली. टाटांच्या मोटार कंपनीचे प्रमुख राहिलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नावाआडनावाची पहिली अक्षरं जोडून हे नाव ठेवलं गेलं. सातारा-कोल्हापूरकडच्या वडापवाल्यांनी सुमो आणि ट्रॅक्सला जो आश्रय दिला, तो रुबाबासाठी नव्हता. खडीचा रस्ता, दहा-बारा माणसं, टपावर पोती आणि तरीही न घासणारं पोट, हा त्यामागचा हिशेब होता. २००० मध्ये आलेल्या क्वालिसने हीच सोय शहरी कुटुंबांच्या दारात आणली. पण त्या मोठ्या गाड्या. रोज ऑफिसला, मंडईत, शाळेत न्यायच्या गाडीचं उत्तर जपानमधून आलं.

जपानमध्ये 'केई' नावाचा छोट्या मोटारींचा वर्ग आहे. लांबी, रुंदी आणि इंजिन यांवर कायद्याचं बंधन. १९९० च्या दशकात ही मर्यादा ३.३ मीटर लांबी आणि ६६० सीसी अशी होती. लांबी-रुंदी अडली, तेव्हा सुझुकीने उंची वाढवली आणि १९९३ मध्ये वॅगन आर आणली. खुर्चीत बसावं तसं ताठ बसवलं, की पाय पुढे पसरावे लागत नाहीत आणि थोड्या लांबीत चार माणसं ऐसपैस मावतात. भारतात १९९८ ला सँट्रो आणि १९९९ च्या डिसेंबरात वॅगन आर आली. आजच्या वॅगन आरची लांबी ३,६५५ मिलिमीटर आणि उंची १,६७५. डिकीवाल्या डिझायरची लांबी ३,९९५ आणि उंची १,५२५. म्हणजे पहिली ३४ सेंटीमीटरने आखूड आणि १५ सेंटीमीटरने उंच.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने या बदलाची साक्ष दिली आहे. प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. डिकीवाल्या पद्मिनीची जागा टॅक्सीवाल्यांनी मुख्यतः सँट्रो आणि वॅगन आरला दिली. सीएनजीच्या टाकीने मागची जागा खाल्ली, तर सामान टपावरच्या कॅरिअरवर चढवलं. पण प्रवाशाच्या बसण्याची उंची सोडली नाही.

चार मीटरची चौकट

यानंतरची कलाटणी अर्थसंकल्पातली. २००६ मध्ये चार मीटरपर्यंत लांब आणि पेट्रोलवर १,२०० किंवा डिझेलवर १,५०० सीसीपर्यंतचं इंजिन असलेल्या मोटारींचं उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. कंपन्यांनी आधी सेडानच्या डिक्या कापून त्या चौकटीत बसवल्या. मग कापलेल्या डिकीपेक्षा वाढवलेली उंची बरी, हे उमगलं. २०१३ मध्ये इकोस्पोर्ट, २०१६ मध्ये ब्रेझा, २०१७ मध्ये नेक्सॉन आणि २०२१ मध्ये पंच आली. नेक्सॉन आपल्या रांजणगावात तयार होते.

यांना एसयूव्ही म्हणतात, पण यांची हाडं मोटारीची आहेत. सुमोत शिडीसारखी जाड चौकट आणि तिच्यावर वेगळा सांगाडा असे. क्रॉसओव्हरमध्ये तळ आणि सांगाडा एकसंध असतो. पंच आणि अल्ट्रोझ यांचा पाया एकच. म्हणजे ही जंगलात जायची गाडी नव्हे; ही उंच केलेली हॅचबॅक आहे, आणि रोजच्या कामाला तीच सोयीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून या चार मीटरच्या चौकटीतल्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. डिझायर आणि पंच दोन्ही त्यातच येतात. उंच बसण्यासाठी वेगळा कर नाही.

दहा सेंटीमीटरचं गणित

आता त्या दवाखान्याच्या गल्लीत परत जाऊ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक मध्यभागी १० सेंटीमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या कमानीचा असावा. डिझायरच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये २.४५ मीटर अंतर आहे. म्हणजे दोन्ही चाकं एकाच वेळी त्या कमानीवर असतात. भूमितीने हिशेब केला, तर मधला उंचवटा चाकांच्या तुलनेत जेमतेम साडेचार सेंटीमीटर वर येतो. रिकाम्या डिझायरचं पोट जमिनीपासून १६.३ सेंटीमीटरवर असतं. माणसं बसून ते काही सेंटीमीटर खाली आलं, तरी मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर ते घासणं शक्य नाही.

आमच्या गल्लीतला गतिरोधक मी टेप लावून मोजला. उंची १६ सेंटीमीटर, रुंदी एक मीटरही नाही. अशा उंचवट्यावर पुढची चाकं पलीकडे उतरलेली आणि मागची अलीकडेच असतात; सगळी १६ सेंटीमीटर उंची थेट पोटाखाली येते. भरलेली डिझायर तिथे घासणारच. पंचचं पोट १८.७ सेंटीमीटरवर आहे; ती बेताने का होईना, सुटते.

हे गणित मांडलं आणि मला वाईट वाटलं. सीटची उंची ही माझ्या आईची गरज आहे. ती रस्ते गुळगुळीत झाले तरी राहील. पोटाची उंची मात्र आपण विकत घेतो ती चुकीच्या बांधकामाची भरपाई म्हणून. कुणाच्या तरी निष्काळजीपणाची किंमत आपण आपल्या खिशातून भरतो आहोत.

उंचीची किंमत

उंची फुकट मिळत नाही. गाडी जितकी उभट, तितका हवेला अडवणारा तिचा पुढचा भाग मोठा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. शहरातल्या तीस-चाळीसच्या वेगाला हे जाणवत नाही, द्रुतगती मार्गावर इंधनाच्या काट्यावर दिसतं. गुरुत्वमध्य वर गेल्याने घाटातल्या वळणावर गाडी अधिक कलते.

सगळ्यांत घातक गैरसमज असा, की उंच गाडी म्हणजे सुरक्षित गाडी. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-चाचण्यांत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पंचला २०२१ मध्ये पाच तारे मिळाले, उंच वॅगन आरला २०२३ मध्ये एक, आणि बुटक्या नव्या डिझायरला २०२४ मध्ये पाच. जीव वाचवतो तो सांगाडा, उंची नव्हे.

आणि गाडीबाहेरच्या माणसाचं काय? अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या सुमारे १८ हजार अपघातांचा अभ्यास मांडला. बॉनेटची कड ४० इंचांपेक्षा, म्हणजे साधारण एक मीटरपेक्षा उंच असलेल्या गाड्यांमुळे पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. आपल्या चार मीटरच्या गाड्या तिथल्यासारख्या अजस्र नाहीत. पण आपल्या सोसायटीच्या आवारात गाड्यांमधून लहान मुलं खेळत असतात. बॉनेट उंच आणि सपाट झालं, की त्यापुढे उभं असलेलं तीन वर्षांचं मूल चालकाला दिसेनासं होतं. म्हणून मी तिसरं माप जोडलं : सीट उंच हवी, बॉनेट उतरतं हवं. ताठ बसवणाऱ्या उभट वॅगनचा मोठा गुण हाच, की तिचं नाक लहान असतं. दसऱ्याला गाडी ठरवायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, की घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस शोरूममध्ये घेऊन जा, त्याला दोनदा बसवा, दोनदा उतरवा. आणि गाडीपुढे घरातलं सगळ्यांत लहान मूल उभं करून स्टिअरिंगमागून पाहा.

आता आई दार उघडते, पाठ वळवते, बसते आणि पाय आत घेते. माझा हात लागत नाही. गल्लीतला गतिरोधक आम्ही आवाज न होता ओलांडतो. पण पहिले काही महिने तसं ओलांडल्यावर एक गोष्ट ध्यानात आली : आमचं पोट घासायचं थांबलं आणि त्याच दिवशी माझं कुरकुरणंही थांबलं. मागून येणाऱ्या रिक्षातली गरोदर बाई, स्कूटरवर मागे बसलेले आजोबा यांच्या मणक्यांना तो उंचवटा रोज तसाच बसत होता. तक्रार करायची ताकद असलेले लोक उंच गाड्यांत बसले, की रस्त्याचा वाली कोण?

मापं लिहून, मानकाची आकृती जोडून मी अर्ज दिला आहे. १६ चे १० करा आणि रुंदी ३.७ मीटर ठेवा, एवढीच मागणी. आईनेही त्यावर सही केली आहे.