अंगण वाकडं आणि इंग्रजीची शेपटी

मुलांनो, 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. आज आपण तिचंच इंग्रजी करू या. त्या नाचणाऱ्या बाई अंगणाकडे बोट दाखवून काय म्हणतील? 'धिस यार्ड इज टू अनइव्हन टु डान्स इन.'

वाक्य छोटंसं आहे, पण त्यात दोन गमती दडलेल्या आहेत. एक, वाक्यात 'नॉट' कुठेच नाही, तरी अर्थ 'नाचता येत नाही' असाच निघतो. दुसरी, शेवटी तो 'इन' कशाला लोंबतोय? मराठीत तर तसं काही दिसत नाही.

आधी पहिली गंमत. इंग्रजीत 'टू' दोन आहेत. एकात दोन 'ओ', दुसऱ्यात एकच. आपण आपली सोय करू. दोन 'ओ'वाल्याला दुसरा उकार देऊ, 'टू', आणि एक 'ओ'वाल्याला पहिला, 'टु'. दोघं एका वाक्यात आले की समजायचं, इथे चोरून 'नाही' बसलेलं आहे. 'द बॅग इज टू हेवी टु लिफ्ट.' दप्तर इतकं जड की उचलवत नाही.

आपण 'टू'चा अर्थ 'फार' असा पाठ करतो आणि तिथेच फसतो. 'दूध फार गरम आहे' असं आपण कौतुकानेही म्हणतो आणि तक्रार म्हणूनही. इंग्रजी मात्र दोन वेगळे शब्द वापरते. नुसतं गरम असेल तर 'व्हेरी हॉट'. तोंड पोळेल इतकं गरम असेल तर 'टू हॉट'. मराठीत 'टू'च्या जवळचा शब्द शोधायचा तर मी 'अति' निवडीन. अति तिथे माती! त्या मातीतच ते 'नाही' पुरलेलं आहे.

हे समजलं नाही तर काय बिघडतं? समजा, पाण्याच्या काठी पाटी आहे, 'द वॉटर इज टू डीप टु प्ले इन.' ज्याला सगळे शब्द येतात पण 'टू-टु'मधलं 'नाही' ऐकू येत नाही, तो वाचेल: पाणी, खोल, खेळायला. आपल्या नारायण पेठेला तर मुठा नदी अगदी खेटून आहे. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि वाहतूक बंद होते. का? 'द ब्रिज इज टू लो टु यूज इन अ फ्लड.' पूल ठेंगणा आहे एवढंच हे वाक्य सांगत नाही. पुरात त्यावरून जायचं नाही, हे सांगतं.

मोठ्या वर्गात 'रिमूव्ह टू' नावाचा प्रश्न येतो. 'टू' काढायचा, 'सो' घालायचा, मग 'दॅट' आणि 'कॅनॉट'. 'द बॅग इज सो हेवी दॅट आय कॅनॉट लिफ्ट इट.' मुलं हे यंत्रासारखं करतात आणि गुणही मिळवतात. पण शेवटचा 'इट' पाहिलात का? 'सो'च्या वाक्यात तो हवाच. 'टू'च्या वाक्यात 'टू हेवी टु लिफ्ट इट' म्हटलं की चुकलं, कारण दप्तर सुरुवातीलाच येऊन बसलं आहे. आणि हे यंत्र नेहमी चालतं असंही नाही बरं का! 'आय अ‍ॅम ओन्ली टू हॅपी टु हेल्प' म्हणजे 'मदत करायला मला आनंदच वाटेल'. इथे 'कॅनॉट' घातलंत तर मदत करणारा माणूस पळूनच जाईल.

खरं तर मराठीत याहून सुटसुटीत सोय आहे. उचलवत नाही, खाववत नाही, बघवत नाही, चालवत नाही. व्याकरणात यांना शक्य क्रियापदं म्हणतात. 'आजोबांना जिना चढवत नाही' या चार शब्दांत सगळं आलं. असं वाक्य सुचलं की इंग्रजीतला 'टू-टु' दाराशी उभा आहे असं समजा.

'टू'चा उलटा भाऊ म्हणजे 'एनफ', पुरेसा. आपण 'पुरेसा मोठा' म्हणतो म्हणून मुलं 'एनफ ओल्ड' लिहितात. इंग्रजीत विशेषणाच्या मागे जायचं, 'ओल्ड एनफ'. भारतात 1989 मध्ये मतदानाचं वय 21 वरून 18 झालं. तेव्हा 18 वर्षांची ताई 'इज ओल्ड एनफ टु व्होट'. नामाबरोबर मात्र 'एनफ' आपल्यासारखाच पुढे येतो, 'एनफ मनी', पुरेसे पैसे.

आता त्या लोंबणाऱ्या 'इन'कडे वळू. मला ही गंमत जास्त आवडते.

वर्गात कुणीतरी म्हणतं, "बाई, लिहायला काही नाही." मी विचारते, "काय नाही? पेन, कागद, की विषय?" मराठीत तिन्हीला एकच वाक्य चालतं. आपण हातवाऱ्यांनी भागवतो. इंग्रजीत वाक्याची शेपटीच सांगते. पेन नसेल तर 'नथिंग टु राइट विथ'. कागद नसेल तर 'नथिंग टु राइट ऑन'. आणि निबंधाला विषयच सुचत नसेल तर 'नथिंग टु राइट अबाउट'. शेपटी बदलली की अडचण बदलली!

मग आपली मुलं ही शेपटी का विसरतात? आळसाने नाही. मराठीत 'वर', 'साठी', 'बरोबर' हे शब्द नामाला चिकटूनच येतात. नावच मुळी शब्दयोगी! खुर्चीवर बसतो, पण 'बसायला खुर्ची' म्हटलं की तो 'वर' गुपचूप गळून जातो. तो एकटा राहूच शकत नाही. म्हणून मूल 'अ चेअर टु सिट' लिहितं. इंग्रजीत तो 'ऑन' नामापासून सुटा होऊन शेवटी उभा राहतो, 'अ चेअर टु सिट ऑन'. तसंच 'आजीशी बोलणं सोपं आहे'. मराठीत 'शी' आजीला सोडत नाही. इंग्रजीत आजी वाक्याच्या पुढे जाऊन बसते आणि 'शी'चा 'टु' मागे एकटा उरतो, 'ग्रॅनी इज ईझी टु टॉक टु'. दोन्ही 'टु' हवेत हं, एकही गाळायचा नाही. इंग्रजांनाही ही शेपटी एके काळी खटकायची. ड्रायडन या कवीने 1672 मध्ये तिला नावं ठेवली होती. पण बोलणारे ऐकतात थोडेच!

आई-बाबांनो, महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तुमच्यातले कितीतरी जण पाचवीत ए-बी-सी-डी शिकले असतील. मुलाच्या वहीत 'अ फ्रेंड टु प्ले' दिसलं तर लगेच लाल रेघ मारू नका. त्याला विचारा, "कुणाबरोबर?" तो 'बरोबर' म्हणाला की 'विथ' आपोआप सापडतो. याच पेठेतल्या केसरी वाड्याशी दोन वर्तमानपत्रांची नावं जोडलेली आहेत. मराठीतला 'केसरी' आणि इंग्रजीतला 'मराठा', दोन्ही 1881 सालची. आज ज्या फरकाशी आपली मुलं झटतात, तो त्या मंडळींना आठवड्या-आठवड्याला सांभाळावा लागला असणार.

आता तीन वाक्यं तुमच्यासाठी. वहीत इंग्रजी करून बघा.

पर्वतीच्या पायऱ्या आजोबांना चढवत नाहीत.

ही दोरी विहिरीच्या पाण्यापर्यंत पोचण्याएवढी लांब नाही.

सुट्टीत गप्पा मारायला कुणीच नाही.

तिसऱ्याची शेपटी लिहिलीत ना?