कोडिंग येतं, पण प्रश्न विचारता येतो का?

आपल्या वस्त्यांमधून बीसीए, एमसीए, इंजिनिअरिंग करून पुणे-बंगळूरच्या कंपन्यांत गेलेली अनेक मुलंमुली घरातली पहिलीच आयटीवाली असतात. अभ्यासात ती कमी नसतात. पण दोन-तीन वर्षांनी काही जण एकाच जागी अडकतात. त्यांच्याशी बोलल्यावर कळतं, की अडचण कोडिंगची नाहीच. अडलं तरी ती विचारत नाहीत, मीटिंगमध्ये गप्प बसतात. याला स्वभावदोष म्हणणं मला पटत नाही. आडनाव ऐकून ज्यांची कुवत आधीच ठरवली जाते, त्यांना 'येत नाही' म्हणणं महागात पडेल असं वाटणारच.

तरीही हे क्षेत्र विचारणाऱ्यांचं आहे. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने इंटरनेटवरच्या एका चर्चागटात लिहिलं, की मी हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय. तुम्ही वापरता त्या मिनिक्समध्ये तुम्हाला काय आवडतं, काय नाही? त्यातून लिनक्स उभी राहिली. आज अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तीच आहे. याच टोरवाल्ड्सने २०१८ मध्ये सहकाऱ्यांशी वर्षानुवर्षं केलेल्या उर्मट वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ कामातून रजा घेतली. इतका मोठा प्रोग्रामर, पण माणसांशी बोलणं त्यालाही शिकावंच लागलं.

नोकरीत नवा माणूस लिहितो कमी, दुसऱ्यांचा कोड वाचतो जास्त. 'हे असं का केलंय?' हा प्रश्न इथे कामाला येतो. आधी गिटमध्ये पाहा: कोणती ओळ कुणी, कधी बदलली आणि सोबत काय नोंद लिहिली, हे तिथे सापडतं. मग विचारा. 'सर, चालत नाहीये' एवढंच लिहू नका. काय करायचं होतं, काय करून पाहिलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं हे सांगा आणि एररचा मजकूर जसाच्या तसा द्या. गंमत म्हणजे असा प्रश्न लिहिताना कित्येकदा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं. काही प्रोग्रामर तर टेबलावरच्या रबरी बदकाला आपला कोड ओळीओळीने समजावून सांगतात!

कोड रिव्ह्यूमध्ये आलेल्या सूचना कोडवर असतात, आपल्यावर नाही. पण सूचनेच्या आडून जातीचा टोमणा आला तर ती वेगळी गोष्ट. तारीख-वेळ लिहून ठेवा, मेसेज जपून ठेवा आणि लेखी तक्रार करा.

आता ओळखींबद्दल. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या निबंधात दाखवलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणांना ती जवळच्या मित्रांकडून मिळालेली नव्हती. अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. कारण साधं आहे. जवळच्यांना आपल्याइतकंच माहीत असतं. आयटीतलं रेफरल याच वाटेने चालतं, आणि ज्यांच्या नात्यागोत्यात कुणी मॅनेजर नाही त्यांना ही वाट मुद्दाम बांधावी लागते. जुन्या टीममधल्यांना कधीतरी मेसेज करा, दुसऱ्या विभागातल्या टेस्टरसोबत चहा घ्या, मुक्तस्रोत प्रकल्पात एखादी छोटी दुरुस्ती पाठवा.

जे आधीच आत आहेत, त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. विहारात किंवा अभ्यासिकेत चार मुलांची सराव मुलाखत घ्यावी, त्यांचा कोड उघडून बसावं, आणि आपल्या कंपनीत जागा निघाली की ती ग्रुपवर टाकावी, शेवटच्या तारखेसकट.