शीर्षप्रहेलिका : एकशे चौऱ्याण्णव अंकांचा हिशेब

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन आणि तुरीचे सौदे लाखांत आणि कोटींत बोलले जातात. हेच लातूर म्हणजे प्राचीन लट्टलूर. राष्ट्रकूट राजे स्वतःला अभिमानाने 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. नांदेड जिल्ह्यातील कंधारही त्यांच्या वैभवाचे स्थान. याच वंशातील अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने १९६३ मध्ये तो हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. त्यात 'एक'पासून 'महाक्षोभ'पर्यंत चोवीस अंकस्थानांची नावे दिली आहेत. कोणत्याही पेढीचा हिशेब या चोवीस घरांत सहज मावेल.

त्याहून प्राचीन अशा आगमांतील एक संख्या मात्र या घरांत मावत नाही. भगवान ऋषभदेवांचे आयुष्य ८४ लाख पूर्वांचे होते, हे आपल्या घरातील मुलेही जाणतात. ८४ लाख वर्षांचे एक पूर्वांग आणि ८४ लाख पूर्वांगांचे एक पूर्व. म्हणजे ७० लाख ५६ हजार कोटी वर्षे. अनुयोगद्वार सूत्र येथे थांबत नाही. त्रुटितांग, त्रुटित, अडडांग, अडड अशा जोड्यांनी दर पायरीस ८४ लाखांनी गुणत ते पुढे जाते. अशा चौदा जोड्या, म्हणजे अठ्ठावीस पायऱ्या झाल्या की शीर्षप्रहेलिका येते. तिचे पहिले चोपन्न अंक असे :

७५८ २६३ २५३ ०७३ ०१० २४१ १५७ ९७३ ५६९ ९७५ ६९६ ४०६ २१८ ९६६ ८४८ ०८० १८३ २९६

यापुढे १४० शून्ये. ८४ लाखांत पाच शून्ये आणि गुणाकार अठ्ठावीस वेळा, म्हणून १४०. एकूण अंक १९४.

एवढी प्रचंड संख्या, पण तिची घडण साधी आहे. २, ३, ५ आणि ७ या चारच मूळ संख्यांतून ती बनली आहे. म्हणून एकपासून दहापर्यंतच्या प्रत्येक अंकाने तिला निःशेष भाग जातो. अकराने जात नाही. ती पूर्ण वर्गही आहे. अठ्ठावीसचे निम्मे चौदा आणि चौदाव्या पायरीचे नाव 'पद्म'. पद्माला पद्मानेच गुणले की थेट शीर्षप्रहेलिका हाती येते.

हे चोपन्न अंक उतरवताना एखादा चुकला तर? वरील अंकांची बेरीज २५२ येते आणि तिला नऊने भाग जातो. त्यामुळे ३ च्या जागी ८ पडला तर बेरीजच चूक सांगते. परंतु शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर बेरीज बदलत नाही. रोजमेळात ६३ चे ३६ झाल्यावर हीच अडचण येते. अशा वेळी अंक एकाआड एक घेऊन दोन बेरजा कराव्यात. त्या १३८ आणि ११४ येतात. त्यांतील फरक २४ राहिला नाही, तर नक्कल चुकली असे समजावे.

सर्व परंपरांत शेवटची संख्या एकच नाही. ज्योतिष्करंडकात शीर्षप्रहेलिका २५० अंकांची आहे. यतिवृषभाचार्यांच्या 'तिलोयपण्णत्ती'त शेवटचे नाव 'अचलात्म' असून ती संख्या दीडशे अंकांची आहे. गुणाकाराची रीतही सर्वत्र एकच नाही.

अनुयोगद्वाराच्या मते गणिताचा विषय शीर्षप्रहेलिकेपर्यंतच. त्यापुढे पल्योपम आणि सागरोपम ही उपमेने समजावयाची माने येतात. तरीही १९४ अंकांची ही संख्या 'संख्यात'च आहे. असंख्यात आणि अनंत तिच्या फार पलीकडे आहेत. जे मोजता येते ते शेवटच्या अंकापर्यंत चोख मोजावे आणि जेथे मोजणी संपते तेथे तसे स्पष्ट सांगावे, हा आचार्यांचा शिरस्ता आहे. येत्या दिवाळीत चोपडीपूजन झाल्यावर घरातील मुलांकडून हे चोपन्न अंक एका कागदावर लिहून घ्यावेत आणि बेरीज २५२ येते का, ते त्यांनाच पडताळू द्यावे.