फिल्म ‘धुणे’ : एका क्रियापदाचा प्रयोगशाळेतील अर्थ

छायाचित्राचा रोल मराठी माणूस ‘धुवावयास’ टाकतो. वऱ्हाडाच्या शेजारची हिंदीही हेच क्रियापद योजते. इंग्रजीत रूढ असलेल्या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘गुंडाळलेले उलगडणे’ असा आहे. त्याच्या अनुरोधाने परिभाषाकारांनी ‘विकासन’ हा शब्द सिद्ध केला. परंतु तो ग्रंथांतच राहिला. शास्त्रदृष्ट्या पाहता ‘धुणे’ हा शब्द सदोष ठरतो. अदृश्य प्रतिमा प्रथम रसायनाने काळी उमटते, आम्लमिश्रित पाण्याने ती क्रिया थांबते, उरलेले रौप्यक्षार हायपोत विरघळतात, आणि या सर्वांनंतर फिल्म धुतली जाते. म्हणजे शेवटच्या पायरीचे नाव लोकांनी सबंध क्रियेस दिले. असे असूनही, एखाद्या कलामहाविद्यालयात रासायनिक फिल्मचा लहानसा वर्ग चालवू पाहणाऱ्यास हेच नाव अधिक उपयोगी पडेल. अशा वर्गाचे खरे गणित पाण्यापाशी येऊन थांबते.

या वर्गाचे पूर्वरूप महाराष्ट्रात शोधावयाचे तर दादासाहेब फाळके यांच्या घरी जावे लागते. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन या दोन्ही ठिकाणी त्यांचे शिक्षण झाले. १९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर दादरच्या राहत्या घरात त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे आणि फिल्म धुण्याचे काम सरस्वतीबाई फाळके अंधारात करीत. कुंडीतील वाटाण्याचे रोप वाढताना दाखविणारा लघुपट या घरगुती व्यवस्थेतूनच निघाला व त्याच्या बळावर पुढील भांडवल उभे राहिले. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. लहान वर्गास मोठ्या यंत्रसामग्रीवाचून चालते, एवढे यावरून दिसते. मात्र दादरची हवा वेगळी आणि वऱ्हाडची वेगळी.

असा वर्ग चांदूर रेल्वे येथे भरवावयाचा आहे असे क्षणभर समजू. (चांदूर बाजारापासून वेगळे ओळखू यावे म्हणून या गावाने आपल्या नावात लोहमार्गाचा परका शब्द कायमचा सामावून घेतला आहे; वस्तूबरोबर आलेला शब्द असा रुजतो.) सोळा मिलिमीटर फिल्मचे १०० फुटांचे रीळ घेतले, तर फुटास ४० या हिशेबाने त्यात ४,००० चौकटी येतात. सेकंदास २४ चौकटी या गतीने हे रीळ सुमारे २ मिनिटे ४७ सेकंदांत संपते. उदकमंडलम् येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना बंद पडल्यापासून कोरी फिल्म परदेशातूनच आणावी लागते. तेव्हा एका विद्यार्थ्याच्या वाट्यास सत्रात असे एखादेच रीळ येणार. ते धुताना बिघडले, तर त्याचे सत्रभराचे काम गेले.

बिघाड होतो तो बहुधा उष्णतेने. कृष्णधवल फिल्मच्या रसायनांची प्रमाण उष्णता २० अंश सेल्सियस मानलेली आहे. २० अंशांस आठ मिनिटे घेणारी क्रिया २४ अंशांस सुमारे साडेपाच मिनिटांत उरकते. त्यापुढे वेळ इतका तोकडा होतो की, द्रावण सर्वत्र सारखे पोहोचण्यापूर्वीच प्रतिमा उमटू लागते व डाग पडतात. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. गच्चीवरील टाकीतून आलेल्या पाण्यात जिलेटिनचा थर फुगून मऊ होतो; त्यास नख लागले तरी ओरखडा उठतो. उलटपक्षी, उष्ण द्रावणातून काढलेली फिल्म एकदम बर्फाच्या पाण्यात टाकल्यास तो थर सुरकुततो. सुरकुती एकदा पडली की मोडत नाही.

जुना उपाय तुरटीचा आहे. हायपोत तुरटी मिसळली म्हणजे जिलेटिन कठीण होते व उष्णता सोसते. परंतु कठीण झालेल्या थरातून हायपो लवकर निघत नाही. तुरटी नसेल तर टाकी तीन वेळा ताज्या पाण्याने भरून, ती अनुक्रमे पाच, दहा व वीस वेळा उलटीसुलटी केल्याने भागते. तुरटी वापरली की वाहत्या पाण्याची दीर्घकाळ धार लागते. धुणे अपुरे राहिल्यास आत उरलेला हायपो काही वर्षांत प्रतिमा पिवळी पाडतो, आणि दोष ध्यानी येतो तो विद्यार्थी महाविद्यालय सोडून गेल्यावर. उन्हाळा तुरटी मागतो, तुरटी पाणी मागते, आणि उन्हाळ्यात पाणीच नसते. या पेचातून रसायनशास्त्र सोडवीत नाही. वेळापत्रक बदलले तरच सुटका होते.

कार्तिकापासून माघापर्यंत सकाळी साठवणीचे पाणी २० अंशांच्या जवळपास सापडते. धुण्याचे सर्व काम या काळात घ्यावे व फाल्गुनानंतर जुळणी, प्रक्षेपण यांकडे वळावे. उन्हाळ्यात एखादे रीळ धुणे अटळच झाले, तर रांजण उपयोगी पडतो. कोरड्या हवेत त्याच्या सच्छिद्र भिंतीतून झिरपणारे पाणी वाफ होऊन जाते व आतील पाणी नळाच्या पाण्यापेक्षा पुष्कळ गार राहते. आषाढात हवा दमट झाल्यावर मात्र रांजणाचा हा गुण उरत नाही. वापरलेला हायपो मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. त्यात चांदी विरघळलेली असते. लोखंडी तारांचा चोथा त्यात बुडवून ठेवला असता ती गाळाच्या रूपाने तळाशी बसते.