संशोधन होते, पण छापायचे कुठे?

रेशन दुकानात अंगठा जुळला नाही तर गरिबाचे धान्य का अडते? एकट्या विद्याशाखेकडे याचे उत्तर नाही. यंत्र कुठे चुकले हे संगणकशास्त्र सांगेल, हक्क कोणता हे कायदा सांगेल आणि खडी फोडणाऱ्याच्याच बोटांच्या रेषा का झिजतात हे समाजशास्त्र सांगेल. तिन्ही शास्त्रे जोडणारे संशोधन होतेही. पण ते छापायचे कुठे?

संगणकशास्त्राचे नियतकालिक विचारते, यात नवे तंत्र कोणते? कायद्याचे विचारते, निवाड्यांची चर्चा कुठे? समाजशास्त्राचे विचारते, सिद्धांत कुठे? प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे. लेख मात्र तिन्ही दारांतून परत येतो. या विषयाला वाहिलेले 'गव्हर्नमेंट इन्फॉर्मेशन क्वार्टर्ली' १९८४ पासून निघते, पण ते इंग्रजीत. शिवाय परीक्षण होऊन लेख छापून येईपर्यंत इकडे पोर्टल आणि नियम दोन्ही बदललेले असतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. प्राध्यापकाची बढती मान्यताप्राप्त नियतकालिकांवर अवलंबून राहिली आणि त्या याद्या सतत बदलल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली, २०१९ मध्ये 'केअर' यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. अशा अनिश्चिततेत तरुण संशोधक आडवाट धरील कशाला?

हा केवळ विद्वानांचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. आम्ही वकील रोज पाहतो, पक्षकाराचे दुःख हा पुरावा होत नाही. तपासून छापलेल्या अभ्यासाला वजन असते. अंगठा न जुळण्याचे प्रमाण झारखंडात ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के असल्याचे अंदाज २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत नोंदले गेले. सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात न्या. चंद्रचूड यांनी बहुमताविरुद्ध निवाडा दिला, त्यात लाभापासून वंचित राहणाऱ्यांचा विचार अशाच अभ्यासांच्या आधारे झाला. अभ्यास छापलाच गेला नाही, तर न्यायालयापुढे ठेवायचे काय?

अर्थशास्त्राचे विद्यार्थी असलेल्या बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवर निबंध वाचला. १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी'त प्रसिद्ध झाला. 'तुमची शाखा वेगळी' म्हणून तो परत पाठवला असता तर?

म्हणून आमची मागणी साधी आहे. अशा लेखाला प्रत्येक शाखेचा एक परीक्षक द्या, सहलेखकांचे श्रम पूर्ण मोजा आणि निष्कर्ष मराठीतही छापा. ज्याचे धान्य अडले, त्याला त्याचे कारण वाचता आले पाहिजे.